राण्यांनी बांधलं, आपण झाडलं

आमच्या मॅडम चादरीला मरू देत नसत. पलंगावरची चादर विरली की ती लहान मुलांच्या पाळण्यावर जायची, तिथे फाटली की इस्त्रीच्या टेबलावर, आणि तिथूनही उतरली की चौकोनी तुकडे होऊन आरसे पुसायला यायची. "चादर मरत नाही, तिची बदली होते," असं त्या म्हणायच्या. कुठलाही तुकडा हातात घेतला की ही मूळ कितव्या मजल्यावरची, ते ओळखून दाखवायच्या. आम्हाला वाटायचं थापा मारतात. एकदा केरळच्या एका मुलीने तुकड्याच्या काठाला पेनने बारीक खूण करून त्यांची परीक्षा घेतली. मॅडम बरोबर निघाल्या, आणि चादरीवर शाई लावली म्हणून त्या मुलीला आठवडाभर बाथरूमच्या फरशा घासायला धाडलं.

दुबईच्या खाडीजवळच्या एका हॉटेलात त्या हाउसकीपिंगच्या मुख्य होत्या. वसईच्या ख्रिस्ती. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि कमरेच्या खिशात शिंप्याची टेप. उशीपासून चादरीची दुमड किती अंतरावर आली ते त्या टेपने मोजायच्या. कॉरिडॉरमध्ये बूट काढून नुसत्या मोज्यांवर चालायच्या, म्हणजे त्या आल्याचं आम्हाला कळू नये. आम्हाला मात्र त्यांच्या अंगाला लावलेल्या बामच्या वासावरून लिफ्टपासूनच कळायचं, आणि हे आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी मिरजेची. नवऱ्याशी फारकत झाल्यावर दीड वर्षाची मुलगी आईजवळ ठेवून इथे रूम अटेंडंट म्हणून आले. दिवसाला सोळा खोल्या, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने अल क्वोजच्या क्वार्टर्समध्ये परत. एका खोलीत आम्ही सहाजणी. माझा हिशेब पहिल्या दिवसापासून साधा होता. रूम अटेंडंटला मूल इथे आणता येत नाही, सुपरवायझरला येतं. सुपरवायझर व्हायला हॉटेलची परीक्षा द्यावी लागे, अर्धी हाताची आणि अर्धी इंग्रजीची. हाताची मला कुणी शिकवायला नको होती. इंग्रजीत मी पहिल्याच वर्षी आपटले. दोनदा आपटलं की तिसऱ्यांदा बसू देत नाहीत, असा तिथला नियम होता. म्हणजे माझ्याकडे एकच संधी उरली होती, आणि फोनवर माझी मुलगी तोवर पूर्ण वाक्यं बोलायला लागली होती.

मॅडमचं खरं वेड चादरींचं नव्हतं, इंग्लंडच्या राजघराण्यातल्या बायकांचं होतं. मुकुट, हिरे, लग्नं यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. टीव्हीवर राजघराण्यातलं लग्न लागलं की त्या चर्चच्या गालिच्याला कुठे सुरकुती आहे तेवढं बघायच्या. त्यांना हव्या होत्या त्या जुन्या, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या राण्या, ज्यांनी केंब्रिज नावाच्या गावात कॉलेजं बांधली. त्या गावाचा नकाशा त्यांना वसईच्या रस्त्यांसारखा पाठ होता. नदी कुठे वळते, कुठल्या कॉलेजाच्या फाटकावर बकरीच्या तोंडाचे आणि हत्तीच्या शेपटीचे प्राणी कोरलेत, कुठला पूल लाकडाचा. त्या स्वतः तिथे कधीही गेल्या नव्हत्या. वसई आणि दुबई सोडून त्यांनी तिसरं गाव पाहिलं होतं ते फक्त मेरीमातेच्या यात्रेचं वेलंकणी.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. त्या स्वतः रूम अटेंडंट असताना एक म्हातारी इंग्रज बाई दर हिवाळ्यात दोन महिने हॉटेलात राहायला यायची. तिचा मुलगा दुबईत कामाला होता, पण त्याच्या बायकोशी तिचं पटत नव्हतं. पहिल्या सकाळी मॅडम खोली आवरायला गेल्या तर पलंग आधीच आवरलेला, आणि कोपरे असे की मॅडमला स्वतःच्या कोपऱ्यांची लाज वाटली. ती बाई म्हणाली, मी चाळीस वर्षं केंब्रिजच्या एका कॉलेजात पोरांचे पलंग आवरले, दुसऱ्याने केलेल्या पलंगावर मला झोप येत नाही. तिथे अशा बायकांना 'बेडर' म्हणतात. मग रोज त्या दोघी मिळून पलंग करायच्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि म्हातारी तिच्या गावातल्या राण्यांच्या गोष्टी सांगायची. चौथ्या हिवाळ्यात ती आली नाही. तिच्या मुलाने रिसेप्शनवर एक पाकीट आणून दिलं, त्यात त्या गावाचं चित्रांचं जाडजूड पुस्तक होतं. आत मॅडमचं नाव लिहिलेलं.

त्या पुस्तकाला मॅडमनी उशीचा अभ्रा घातला होता आणि ते चादरी-टॉवेल ठेवायच्या लिननरूमच्या कपाटात कुलपात ठेवलं होतं. ज्या मुलीच्या मजल्यावरून आठवडाभर एकही तक्रार आली नाही, तिला शनिवारी त्या पुस्तकातलं एक पान दाखवायचं, असा त्यांचा रिवाज होता. इतर हॉटेलांत बक्षीस म्हणून चॉकलेटचा डबा किंवा जास्तीची सुट्टी देतात, आमच्याकडे एक पान. हात धुऊन, पुसून, टेबलाशी उभं राहून बघायचं. नेपाळच्या, फिलिपिन्सच्या, इथिओपियाच्या मुली पहिल्यांदा तोंड दाबून हसायच्या. दोन महिन्यांनी त्याच मुली सोमवारपासून विचारायच्या, मॅडम, या शनिवारी नदीचं पान ना? मलाही आधी हा चाळाच वाटला होता. मग एका शनिवारी मला पान मिळालं नाही आणि मी चक्क रडले.

पान दाखवताना त्या त्या राणीची गोष्ट सांगायच्या, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "राण्यांनी बांधलं, आपण झाडलं. दोन्ही नसतं तर पडलं असतं." त्यांच्या लेखी त्या म्हाताऱ्या बेडरमध्ये आणि राणीमध्ये फार फरक नव्हता, कामाच्या वेळा तेवढ्या वेगळ्या.

त्यांची सगळ्यात लाडकी बाई तर राणीही नव्हती, एका राजाची आई होती. तेराव्या वर्षी बाळंत झाली, तेव्हा नवरा आधीच मेलेला. मुलगा तिच्याजवळ राहिला नाही, दुसऱ्यांनी वाढवला, मग तो परदेशात पळाला, आणि चौदा वर्षं माय-लेकांची भेट नाही. पुढे तो राजा झाला आणि हिने एक कॉलेज काढलं, दुसरं तिच्या मागे तिच्या इच्छेप्रमाणे उभं राहिलं. त्या पहिल्या कॉलेजात तिची स्वतःची खोली होती. एकदा खिडकीतून तिला दिसलं, एक मास्तर कुणा आळशी पोराला बडवतोय. तिने मास्तरला थांबवलं नाही, वरूनच म्हणाली, हळू, हळू. अशी गोष्ट तिकडे सांगतात म्हणे. मॅडमना ही गोष्ट इतकी पटली होती की एखादा फ्लोअर सुपरवायझर आमच्यापैकी कुणाला झापायला लागला की मागून मोज्यांवर येऊन त्या एवढंच म्हणायच्या, "हळू, हळू." सुपरवायझर दचकून गप्प व्हायचा. स्वतः झापताना मात्र त्यांना ही राजमाता कधी आठवायची नाही.

मेंटेनन्समधला लाहोरचा चाचा त्यांना चिडवायचा. म्हणायचा, दीडशे-दोनशे साल हमारे ऊपर बैठे रहे, और आप उनकी रानियों की आरती उतारती हैं. मॅडम शांतपणे म्हणायच्या, चाचा, मला त्यांचं राज्य नको, ते गेलं ते बरंच झालं. पण घरच्यांनी बाराव्या वर्षी लग्नाला उभी केलेली पोर कॉलेज कशी बांधते, ते मला बघायचंय. आणि वर हेही सांगायच्या की राण्यांनी बांधलेल्या त्याच कॉलेजांनी मुलींना आत घ्यायला शेकडो वर्षं लावली. "बांधणारी बाई चालली, झाडणारी बाई चालली, शिकणारी चालली नाही," हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

मध्यंतरी इंग्लंडची म्हातारी राणी वारली तेव्हा आम्हाला वाटलं, मॅडम आता काळे कपडे घालणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. सकाळच्या ब्रीफिंगला एवढंच म्हणाल्या की त्या बाईने सत्तर वर्षं एकही दिवस सिक लीव्ह घेतली नसेल, आणि तुमच्यापैकी तिघी आज सर्दीच्या नावाखाली घरी आहेत. मग यल्ला, चला चला, म्हणून ट्रॉल्या ढकलायला लावल्या.

माझ्या हातून पहिल्या वर्षी एक घोडचूक झाली. एका खोलीत छोटं मूल असलेलं जोडपं उतरलं होतं. खोली आवरताना खाटेखाली मला एक चिंधी सापडली, मळकी, काठ कुरतडलेले, मधोमध भोक. मी ती बदली झालेल्या चादरींच्या पोत्यात टाकली. दुपारी त्या मुलाचा आकांत पार लॉबीपर्यंत ऐकू आला. ती चिंधी म्हणजे त्याचं पांघरूण होतं, ते गालाला लावल्याशिवाय तो झोपायचा नाही. पोतं तोवर लाँड्रीत गेलं होतं. मला वाटलं, आज आपली नोकरी खलास. मॅडम स्वतः तळघरात गेल्या, अकरा पोती जमिनीवर उपडी केली आणि गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा नाकाला लावून बघत ती चिंधी शोधून काढली. मी म्हटलं, धुऊन देऊ या. त्या माझ्यावर खेकसल्या. "धुवायची नाही. त्याच्या घराचा वास आहे तिला." मी मुलीचं एक झबलं न धुता माझ्या लॉकरमध्ये ठेवलं होतं, हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मला त्यांनी मेमो दिला नाही. पण महिनाभर मला कुठलंच पान दिसलं नाही.

आता दुसऱ्या बाईंबद्दल सांगायला हवं. हॉटेलात एक ट्रेनिंग मॅनेजर होत्या, पुण्याच्या. चष्मा, कडक इस्त्रीचा सलवार-कमीज, आणि मराठी अशी की समोरचा आपोआप ताठ बसावा. मॅडमचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा होता. कारण म्हणजे क्वार्टर्सच्या तळमजल्यावरची एक खोली. मॅडमना ती जास्तीचं लिनन ठेवायला हवी होती. पुण्याच्या बाईंनी तिथे फळा लावला आणि आमच्यासारख्या, परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी ड्यूटीनंतर इंग्रजीचा वर्ग सुरू केला. मॅडमनी वरपर्यंत तक्रारी केल्या, बाईंनीही केल्या. नऊ वर्षं त्या एकमेकींशी थेट बोलल्या नव्हत्या. एकाच टेबलावर जेवायला बसल्या तर मॅडम वेटरला सांगायच्या, त्या मॅडमना सांग की मीठ इकडे सरकवा. दोघीही मराठी, मध्ये निरोप्या बांगलादेशी.

तयारी पक्की होईपर्यंत मी तीन वर्षं परीक्षा टाळली होती. आता माझी दुसरी आणि शेवटची परीक्षा चार महिन्यांवर आली होती, आणि नव्या मॅनेजमेंटने ट्रेनिंगचं खातंच बंद केलं. पुण्याच्या बाईंना महिन्याभरात परत जावं लागलं. जायच्या दिवशी त्या वर्गात आल्या, फळा पुसला, आमच्यापैकी प्रत्येकीच्या वहीत पुढच्या धड्यांच्या खुणा केल्या, आणि दारावर चिकटवलेला स्वतःच्या नावाचा कागद तसाच ठेवून गेल्या. बसमध्ये सगळ्यांचं एकमत होतं, आता मॅडमना खोली मिळाली. मला त्या दिवशी पहिल्यांदा मॅडमचा राग आला. त्यांनी काही केलं नव्हतं तरी आला. चार महिन्यांनी मी आपटणार, आणि माझ्या मुलीच्या जागी तिथे टॉवेलांच्या थप्प्या बसणार, असंच मला दिसत होतं.

दोन दिवसांनी खरोखरच लोखंडी रॅक आले. कुणीतरी उत्साहात दारावरचा कागद फाडून टाकला होता. संध्याकाळी मी आणि आणखी चौघी वह्या घेऊन दाराशी उभ्या होत्या, निदान जुनी पुस्तकं तरी उचलून न्यावी म्हणून. मॅडम आल्या. रॅक कुठे लावायचे ते मजुरांना टेपने मोजून दाखवलं, तिन्ही भिंतींना. चौथ्या भिंतीवर फळा होता, तिला हात लावू दिला नाही. मग जमिनीवरचे कागदाचे तुकडे गोळा केले, टेबलावर जुळवले, चिकटपट्टी लावून पुन्हा दाराला लावले. सगळ्यात शेवटी आमच्याकडे वळून म्हणाल्या:

"बाईंचं कुठपर्यंत आलं होतं?"

मी वही पुढे केली.

त्या संध्याकाळी कुलपातलं पुस्तक पहिल्यांदा हॉटेलच्या बाहेर आलं. शनिवार नव्हता, आणि आमच्या मजल्यांवरून त्या आठवड्यात भरपूर तक्रारी होत्या. त्यांनी नदीकाठच्या एका विटांच्या कॉलेजाचं पान उघडलं. हे कॉलेज एका राणीने सुरू केलं, म्हणाल्या, ती फ्रान्सहून लग्न होऊन आलेली, विशीसुद्धा न गाठलेली पोर. मग भाऊबंदकी पेटली. तिच्या नवऱ्याची गादी गेली आणि शत्रूच्या घराण्याचा राजा आला. त्याची राणी एक विधवा होती, दोन मुलांची आई, पूर्वी म्हणे त्या पहिलीच्याच पदरी होती. लोकांना वाटलं, आता ही त्या कॉलेजच्या विटा काढून नेणार. तिने ते कॉलेज पुढे चालवलं. आजही तिकडे त्या दोघींना संस्थापक मानतात, आणि पहिलीचं नाव पहिलं घेतात.

मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "बाईंशी माझं भांडण आहे, ते राहील. वर्गाशी माझं भांडण नाही. चला, वह्या उघडा."

खरं तर मॅडमचं इंग्रजी हॉटेलपुरतं होतं. व्याकरण त्यांच्या बापजन्मात कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही एका धड्यावर अडकलो आणि त्याही अडकल्या. मग खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोर पुण्याला लावला. नऊ वर्षांनंतरचं ते पहिलं थेट बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. मॅडम म्हणाल्या, नोट्स हव्यात. बाई म्हणाल्या, कपाटाच्या खालच्या खणात आहेत, आणि फळ्याला ओलं फडकं लावू नका. मॅडम म्हणाल्या, फडकं कसं लावायचं ते मला सांगू नका. फोन बंद.

पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवारी पुण्याच्या बाई व्हिडिओवर यायला लागल्या. रॅकवर टॉवेलांच्या दोन थप्प्यांमध्ये फोन उभा करायचा आणि बाई तिथून शिकवायच्या. मॅडम शेवटच्या बाकावर बसून आमच्याबरोबर लिहून घ्यायच्या आणि मध्येच ओरडायच्या, अहो, असं कुणी गेस्टशी बोलत नाही. बाई म्हणायच्या, बोलत नसतील तर बोलायला हवं. त्यांच्या भांडणातूनच आम्ही जास्त शिकलो, कारण दोघी रागारागाने एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणून दाखवायच्या. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. फक्त ते आता थेट व्हायला लागलं होतं.

चार महिन्यांनी मी पास झाले. आमच्या पाचजणींतल्या चौघी झाल्या, पाचवी पुढच्या वर्षी. निकाल कळल्यावर मॅडमनी माझं अभिनंदन केलं नाही, माझ्या पलंगाची दुमड अर्धा इंच पुढे आली होती असं परीक्षकाने लिहिलंय, ते वाचून दाखवलं. पण त्या दिवशी पुण्याला पहिला फोन त्यांनीच केला. "तुमच्या पोरी पास झाल्या," एवढंच बोलल्या. तुमच्या, असं. मला ते आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

मग पळापळ सुरू झाली. करामा भागात सांगलीच्या एका कुटुंबाचा डब्यांचा धंदा होता, त्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली. माझी ड्यूटी असताना मुलीला त्या घरातल्या वहिनी बघणार असं ठरलं. व्हिसा झाला. माझा भाऊ तिला घेऊन आला. मी दीड वर्षाची सोडलेली माझी मुलगी सहा वर्षांची होऊन विमानतळाच्या दारातून चालत बाहेर आली. तिने मला ओळखलं. फोनवर रोजच बघायची ना. जवळ येऊन शहाण्यासारखी हसली आणि म्हणाली, "ताई, तू फोनमध्ये उंच दिसतेस."

ताई. माझा भाऊ मला ताई म्हणतो, म्हणून तीही ताई म्हणायची. आणि माझ्या आईला ती आई म्हणायची, कारण त्या घरात सगळे तिला आईच म्हणतात. यात कुणाची चूक नव्हती, आणि फोनवर मी ते हसण्यावारी नेत होते. समोर आल्यावर मात्र ते मला सहन होईना. मी तिला दुरुस्त करायला लागले. ताई नाही, आई म्हण. मी आई, ती आजी. जेवताना, आंघोळीच्या वेळी, झोपताना. पंधरा दिवसांत तिने मला कुठलीच हाक मारणं सोडलं. पाणी हवं असलं तर माझ्यासमोर येऊन नुसती उभी राहायची. वहिनींशी बोलायची, खालच्या सुपरमार्केटवाल्याशी बोलायची, माझ्याशी नाही. एक दिवस मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला.

त्याच आठवड्यात मॅडमचा निरोप समारंभ होता. साठ वर्षं पूर्ण झाली होती, व्हिसा संपत होता. मी लिननरूममध्ये त्यांची खोकी बांधायला मदत करत होते. त्यांनी मुलीची चौकशी केली आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, पाच वर्षं जिच्यासाठी मी लोकांचे पलंग केले, तिने मला आई म्हणू नये?

मॅडम खाली बसल्या. त्यांना काम चालू असताना बसलेलं मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बाय, माझा मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक नसेल, मी कुणाला सांगत नाही. आठ महिन्यांचा होता तेव्हा मी त्याला बहिणीजवळ ठेवून आले. तो तिला ममी म्हणतो, मला आंटी. बारा वर्षांचा असताना मी सुट्टीला गेले होते, त्याच्या वाढदिवसाला. सगळी माणसं जमली होती. तो म्हणाला, थँक यू आंटी. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, मी तुझी आई आहे, ती नाही. जिने त्याला रात्रंदिवस सांभाळलं, तिच्या तोंडावर. त्याने केक खाल्ला नाही. त्यानंतर तो मला कधी आंटीसुद्धा म्हणाला नाही."

मी विचारलं, आता कुठे असतो?

"अबूधाबीला. बँकेत आहे. अकरा वर्षं झाली." त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली आणि स्वतः गाठ मारायला लागल्या. "दीड तासाचा रस्ता आहे, बाय. सणाला मी मेसेज करते, तो हात जोडलेलं चित्र पाठवतो. तू तुझ्या पोरीला काही शिकवू नको. ती जे म्हणेल त्याला ओ दे."

त्या दिवशी घरी आले तेव्हा मुलगी दारात उभी होती. मी तिला म्हटलं, चल, मिरजेला फोन लावू, आईशी बोलायचंय ना? तिने माझ्याकडे अविश्वासाने बघितलं. मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. पाऊण तास बोलत होती. मग आत आली आणि म्हणाली, ताई, आई विचारते भाजीत गूळ घातलास का. मी ओ दिली. गूळ घातला.

मॅडम वसईला गेल्या. पुस्तक त्यांनी हॉटेलात ठेवलं, नव्या मुलींसाठी. नदीकाठच्या त्या कॉलेजाचं पान तेवढं रंगीत झेरॉक्स काढून पुण्याला पाठवलं, असं मला पुण्याच्या बाईंकडून कळलं. माझं त्यांच्याशी महिन्या-दोन महिन्यांनी बोलणं व्हायचं. चर्चमधले पडदे कसे धुतात यावरून फादरशी त्यांचं वाजलं होतं, आणि घरातल्या जुन्या चादरींच्या बदल्या सुरू होत्या.

साताठ महिने गेले असतील. मुलीच्या शाळेत पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. तोवर ती इंग्रजीत पोहायला लागली होती, मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. मी ड्यूटीवरून तशीच युनिफॉर्मवर गेले. भिंतीवर प्रत्येकाने आपापल्या घराचं चित्र लावलं होतं. तिच्या चित्रात दोन बायका होत्या, एक लुगड्यातली आणि एक माझ्या युनिफॉर्ममधली. तिची टीचर माझ्याकडे हात करून म्हणाली, आणि या कोण?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, तिचं तिला सांगू दे.

"धिस इज माय मॉम," माझी मुलगी म्हणाली. तिने माझा हात धरला होता. मग लुगड्यातल्या बाईवर बोट ठेवून म्हणाली, "अँड धिस इज माय आई. शी स्टार्टेड मी."

मी शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहून वसईला फोन लावला. कुणाचे उपकार कसे फेडावेत हे मला कधीच कळलं नाही, आणि या बाईचे तर फिटण्यातले नाहीत. मी त्यांना चित्र सांगितलं, टीचरचा प्रश्न सांगितला, मुलगी काय म्हणाली ते शब्द न् शब्द सांगितलं. मला वाटलं लाइन गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे, बाय, आहे," मॅडम म्हणाल्या. "ठेव तू आता फोन. मला अबूधाबीला लावायचाय."